चादरीतला खुनी आणि न ओरडणारी पोर

"मॅडम, सात खून करायचेत. तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही."

सकाळी सव्वासातची वेळ. एका हातात उलथनं, ओट्यावर स्पीकरवर ठेवलेला फोन, आणि पलीकडून माझा जुना विद्यार्थी हे बोलतोय. आमचे हे बाल्कनीत पेपर वाचत होते. त्यांनी मान वळवून एवढंच विचारलं, "सात? मग आज मला डबा नको, मी बाहेरच खातो." तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा बायकोवर इतपत विश्वास बसतो.

तर भानगड अशी होती. हा पोरगा अकरावीत माझ्या वर्गात होता. शेवटच्या बाकावर बसून वहीच्या मागच्या पानांवर कवट्या काढायचा, आणि मी त्याला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. पुढं तो मुंबईला गेला, धडपडला, आणि आता एका चॅनलनं त्याला पहिली मालिका दिग्दर्शित करायला दिली होती. एका जुन्या परदेशी सिनेमाचे हक्क त्यांनी घेतले होते. त्या सिनेमात आठ तरुण पोरं पैज लावून बंद पडलेल्या कापडगिरणीत शिरतात, आणि तोंड झाकलेला एक माणूस कापसाच्या गाठी ओढायचा लोखंडी आकडा घेऊन त्यांना एकेक करून मारतो. सात मरतात, एक मुलगी उरते. बास, एवढीच गोष्ट. तिची दहा भागांची मालिका करायची होती, कॉलेजच्या पोरांसाठी, संध्याकाळी सातला लागणारी. बंद गिरण्यांचं गाव म्हणून त्याला सोलापूर आठवलं, आणि पोरांच्या तोंडची भाषा लिहायला मी आठवले.

तो सिनेमा मी पाहिला होता. कॉलेजात असताना, मैत्रिणीच्या घरी, व्हिडिओ भाड्यानं आणून. अभ्यास करतोय असं घरी सांगून आम्ही चौघी एका चादरीखाली बसलो होतो आणि चादरीच्या भोकातून बघत होतो. त्यानंतर आठ दिवस मी संडासला जाताना धाकट्या बहिणीला दाराबाहेर उभी करायचे. ती आहे की पळाली हे मला कळावं म्हणून तिनं मोठ्यानं पाढे म्हणायचे, असा आमचा करार होता. सतरापर्यंत पोचली होती बिचारी. त्यामुळे मी लगेच हो म्हटलं. आणि खरं सांगायचं तर सव्वीस वर्षं मराठी शिकवून माणसाच्या मनात थोडेफार खून साठतातच.

पहिल्याच बैठकीत चॅनलच्या बाईंनी नियम सांगितले. पस्तिशीच्या, शांत, हसून बोलणाऱ्या बाई. रक्त नको, घाव नको, प्रेत नको, लोखंडी आकडा तर मुळीच नको, कारण सातला घराघरांत लोक जेवायला बसतात.

"मग खून करायचे कशानं?" मी म्हटलं. "टोमण्यांनी?"

त्या हसल्या, पण नियम काही हलला नाही. शेवटी असं ठरलं की पोरं मरणार नाहीत, गायब होतील. आणि जिथून पोर गायब होईल तिथं खुनी एक कांडी ठेवून जाईल. मागाच्या धोट्यात सूत गुंडाळलेली बारकी कांडी बसवतात ना, तीच. लाल सुताची. ही कल्पना माझी, आणि त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश झाले की घरी जाताना स्कूटी थांबवून एकटीनं उसाचा रस प्याले.

पण लिहायला बसले आणि घोडं पेंड खायला लागलं. असल्या गोष्टीत माणूस एकटा सापडावा लागतो. पोरगी एकटी जिना उतरते, एकटी दार उघडते, तेवढ्यात मागून तो येतो. आता मला सांगा, सोलापुरात एकटं कोण सापडतं? मी पात्राला घराबाहेर काढलं की शेजारीण विचारते, "कुटं निघालीस गं?" तिला गल्लीच्या टोकाला नेलं तर मावशी भेटते. गिरणीच्या फाटकापाशी नेलं तर तिथं वडिलांच्या ओळखीचा कुणीतरी तंबाखू मळत उभा. तीन पानं लिहून झाली तरी माझी पोरगी गिरणीत पोचलेलीच नव्हती, वाटेत दोन ठिकाणी चहा मात्र झाला होता.

मला वाटलं, मीच उगाच वाढवून लिहितेय. म्हणून खात्री करायला एका रविवारी सकाळी दहाला मी स्वतः एका बंद गिरणीच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले. एकटी, काही न करता. चार मिनिटं झाली असतील. एक रिक्षा थांबली. "क्या मॅडम, इधर कायकू खडे? छोडू क्या घर?" त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. तो गेला तर समोरच्या घरातून एका बाईनं प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. मग एक म्हातारे आले आणि कुणाकडं जायचंय ते विचारायला लागले. कुणाकडं नाही म्हटल्यावर त्यांना माझी जास्तच काळजी वाटली. पंधराव्या मिनिटाला माझ्या हातात सरबताचा पेला होता आणि भोवती पाच माणसं. असल्या गावात खुन्यानं काय करायचं? त्यालाही कुणीतरी खुर्ची दिली असती.

उपाय सापडला तो उन्हाळ्यामुळे. मे महिन्यात दुपारी एक ते चार सोलापूरच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. दुकानांची शटरं अर्धी खाली, माणसं फरशीवर पालथी. आणि भर दुपारी बारानंतर ओढ्याकाठी, चिंचेखाली जायचं नाही, हे आपल्याकडं लहानपणापासून ऐकलेलं असतंच. मी दिग्दर्शकाला फोन केला. "रात्र काढून टाक. आपला खुनी दुपारी येतो." तो इतका ओरडला की मी फोन कानापासून लांब धरला. मूळ सिनेमा सगळा अंधारात होता. आमचा उजेडात, बेचाळीस डिग्रीत, डोळे दिपवणाऱ्या उन्हात. मला अजूनही वाटतं की तो आमचा जास्त भीतीदायक आहे. असो, स्वतःच्या तोंडानं किती सांगणार.

खुनी मिळाला भवानी पेठेत. यंत्रमागावर जन्म घालवलेला माणूस, अठ्ठावन्न वर्षांचा, सहा फूट उंच, घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि गणपतीच्या नाटकांत पंचवीस वर्षं राक्षसाचं काम. सगळे त्यांना मामा म्हणत. मालिकेत त्यांना एकही वाक्य नव्हतं आणि तोंडही दिसणार नव्हतं. मूळ सिनेमात कातड्याचा मुखवटा होता, तो आमच्या उन्हात घातला असता तर खुनीच आधी गेला असता. म्हणून त्याला सोलापुरी चादर पांघरायची ठरलं, डोक्यापासून घोट्यापर्यंत, फक्त डोळ्यांची फट उघडी.

पहिल्या दिवशी कपडेपटवाल्यांनी मुंबईहून आणलेली चादर मामांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन बोटांत धरली, उलटी केली, उन्हात धरून पाहिली आणि घडी घालून परत दिली.

"ही सोलापुरी नाही," ते म्हणाले. "मी ही अंगावर घेणार नाही."

दिग्दर्शक म्हणाला, "मामा, टीव्हीवर कुणाला कळणार आहे?"

"आमच्या गल्लीत सगळ्यांना कळंल. खुनी असला म्हणून काय झालं, काहीबी पांघरंल का?"

तासभर शूटिंग थांबलं. मामा घरी जाऊन स्वतःच्या हाताची, दोन्ही बाजूंनी नक्षी सारखी आलेली जाड चादर घेऊन आले. आणि खोटं कशाला बोलू, ती पांघरून ते कोपऱ्यावरून वळले तेव्हा मीच कॅमेऱ्यामागं सरले. आठ पोरांमधली सात पुण्याची होती, पण दोन दिवसांत तीही आमच्यातली झाली. शॉट लागायच्या आधी प्रत्येक जण मामांच्या पाया पडायचा, मामा आशीर्वाद द्यायचे, मग चादर ओढून त्याला गायब करायचे आणि कट म्हटल्याबरोबर विचारायचे, "लागलं का रे बाळा कुटं?"

आता त्या आठव्या पोरीबद्दल. शेवटी जी उरते ती. ही पोर माझ्या कॉलेजातली, बारावीची. सांगोल्याच्या पलीकडच्या माळरानावरची. घरी मेंढरं, आई-बाप वर्षातले सहा महिने कळपामागं फिरतीवर, आणि ही सोलापुरात वसतिगृहात. आवाज खणखणीत, चेहरा असा की बघत राहावं. आणि मी काय केलं होतं तिचं? लाज वाटते सांगायला. कॉलेजच्या दोन एकांकिकांत मी तिला घेतलं होतं, एकदा मोलकरीण म्हणून आणि एकदा गावाकडून आलेली मावशी म्हणून. का, तर तिच्या तोंडात हाय-न्हाय. तिनं कधी तक्रार केली नाही. दोन्ही वेळेला लोक तिच्याच वाक्यांना हसले आणि टाळ्या शहरी नायिकेला मिळाल्या. या मालिकेत ती चूक मी पुसून काढायची ठरवली. शेवटपर्यंत टिकणाऱ्या मुलीची सगळी वाक्यं मी हिच्या बोलीत लिहिली आणि दिग्दर्शकाला सांगितलं, करेल तर हीच करेल. तो हो म्हणाला. तिला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "मॅडम, चहाचा ट्रे न्हाय ना ह्यात?" मी म्हटलं नाही. "मग मला ह्ये करायचंच हाय."

आणि नेमकं तिथंच सगळं अडलं. पोर ओरडेना.

या जातीच्या गोष्टीत शेवटच्या मुलीनं किंचाळायचं असतं आणि पळायचं असतं. बाकी काही येवो न येवो. मामा चादर पांघरून समोर आले की ही जागच्या जागी उभी. पाय रोवून, दोन्ही हात थोडे मागं पसरून, डोळे मामांवर. अजून गायब व्हायच्या राहिलेल्या दोन मैत्रिणी मागं असायच्या, त्या तिच्या आड झाकून जायच्या आणि दिग्दर्शक डोक्याला हात लावायचा. "अगं, बाजूला हो, पळ, किंचाळ! तो खुनी आहे!" ही मान हलवायची, पुन्हा शॉट, पुन्हा खांबासारखी उभी. तीन दिवस असं चाललं.

चौथ्या दिवशी चॅनलच्या बाई मुंबईहून आल्या, सगळं बघितलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मुलगी छान आहे हो. पण तिचा फिअर रजिस्टरच होत नाहीये. तीच घाबरली नाही तर बघणारा कशाला घाबरेल?" मला राग आला, पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी दोन दिवस दिले. दोन दिवसांत जमलं तर ठीक, नाहीतर पुण्याच्या सातांपैकी एकीला ती भूमिका द्यायची. "आणि हिला आपण कॉलेजच्या कॅन्टीनमधली मुलगी करू," त्या म्हणाल्या. "चहा देणारी. तिची भाषा तिथं गोड वाटेल."

हे मलाच पोरीला सांगावं लागलं. तिनं ऐकून घेतलं. "दोन दिस हायती की," एवढंच म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी तिला आमच्या जुळे सोलापूरच्या घरी आणलं आणि थेट बिल्डिंगच्या गच्चीवर नेलं. म्हटलं, इथं मोकळी ओरड. ती तोंड उघडायची, मान ताठ व्हायची, आणि बाहेर नुसता वारा. मी म्हटलं, पोटातून काढ. मी म्हटलं, समज पायावर पाल पडली. "पाल काय करती मॅडम?" ती म्हणाली. शेवटी मी म्हटलं, थांब, मी दाखवते. पदर खोचला, डोळे मिटले आणि जी किंचाळी ठोकली ती पार खालच्या फाटकापर्यंत गेली.

दोन मिनिटांत गच्चीवर बारा माणसं. वॉचमन काठी घेऊन, तिसऱ्या मजल्याच्या काकू पिठाच्या हातांनी, सोसायटीचे सेक्रेटरी बनियनवर. सगळ्यात शेवटी, जिना सावकाश चढत, आमचे हे. "झुरळ होतं का?" पोर इतकी हसली की खाली बसली. मलाही हसू फुटलं. काकूंनी तर, आलोच आहोत तर वाळत घातलेले सांडगे काढून नेऊ म्हणून ते गोळा करायला सुरुवात केली.

पण माणसं खाली गेली, आम्ही दोघीच उरलो, आणि तिला काही ओरडता येईना. माझा पारा चढला. माझा स्वभावच तसा आहे, मेहनत वाया जायला लागली की तोंड सुटतं. मी म्हटलं, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुला मुळी भीतीच वाटत नाही. चांगलं आहे, निर्भय असावं माणसानं, पण मग या कामाला कशाला आलीस? मी तुझ्यासाठी सगळ्यांशी भांडले!" ती गच्चीच्या कठड्याकडं बघत राहिली.  मला वाटलं, हट्टी आहे. जेवायला थांब म्हटलं तरी थांबली नाही.

शेवटच्या दिवशी, दुपारी दीड वाजता, गिरणीच्या आवारात सगळे जमले. ऊन असं की लोखंडी फाटकाला हात लावायची सोय नव्हती. चॅनलच्या बाई छत्रीखाली. मामांच्या पाया पडणं झालं. आणि मागं, लिंबाच्या सावलीत, हातात फडक्याची गाठोडी घेऊन एक बाई येऊन बसल्या होत्या. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, उन्हानं रापलेला चेहरा. पोरीची आई. आज काय तो निकाल लागणार हे पोरीनं फोनवर सांगितलं होतं, म्हणून त्या पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या. "ऱ्हायली तर ऱ्हायली," त्या मला म्हणाल्या, "न्हाय तर संगं घिऊन जाती. कुनाच्या दारात चा वाटाय न्हाय सोडायची." मी त्यांना पाणी दिलं आणि कॅमेऱ्याजवळ गेले.

ॲक्शन झालं. मामा कोपऱ्यावरून वळले. पोर उभी. तशीच, पाय रोवून, हात मागं. मी मनात म्हटलं, ओरड, ओरड गं बाई, देवा, एकदाच. मामा एकेक पाऊल पुढं येत होते. ती ओरडली नाही. चॅनलच्या बाईंनी हातातला कागद मिटला.

आणि तेवढ्यात माझ्या अंगावरून वारं गेल्यासारखं झालं. पोरीची आई तरातरा चालत कॅमेऱ्यासमोरून थेट आवारात शिरली. दिग्दर्शक कट म्हणायचंही विसरला. त्या मामा आणि पोर यांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, हात वर केला आणि मामांवर अशा चालून गेल्या की मामा दोन पावलं मागं सरले, चादरीत पाय अडकला आणि "अम्माऽऽ!" असं गगनभेदी किंचाळून धाडकन खाली बसले. तोवर पाच पोरांना गायब केलेला खुनी.

"अहो ताई, खोटं आहे ते! नाटक आहे!" मी धावत गेले.

"म्हाईत हाय की नाटक हाय!" त्या माझ्यावरच उसळल्या. "पर लेकरू भ्यालंय माझं. हात बघा तिचं. दिसत न्हाय व्हय तुमास्नी?"

मी पोरीचे हात हातात घेतले. एवढ्या उन्हात बर्फासारखे गार आणि थरथरत होते. मागं धरलेल्या मैत्रिणींच्या मनगटांवर तिच्या बोटांचे लाल वळ उठले होते.

"तुला भीती वाटते?" मी म्हटलं.

"रोजच वाटती की," ती म्हणाली. "मामा त्या चादरीत आलं की लई भ्या वाटतं."

"मग ओरडायला काय झालं होतं तुला?"

उत्तर तिच्या आईनं दिलं. माळावर लांडगा आला की किंचाळायचं नसतं. किंचाळलं की मेंढरं बुजतात, पांगतात, आणि जे पांगलं ते लांडग्याचं. पळायचंही नसतं, पळालं की तो मागं लागतो. मेंढरं पाठीमागं घ्यायची, पाय रोवायचे, त्याच्यावरची नजर काढायची नाही. भ्या पोटात ठेवायचं. "ही आठ वर्साची असल्यापास्नं शिकिवलंय," त्या म्हणाल्या. "आता तुमी म्हनताय वरड. कशी वरडंल?"

 मामा खाली बसल्या बसल्या चादर झटकत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पोरीला म्हटलं, "मग गच्चीवर मला का नाही सांगितलंस, की भीती वाटते म्हणून?"

"तुमी इचारलंच न्हाय मॅडम," ती म्हणाली. रागानं नाही, साधंच. "तुमीच सांगितलं, तुला भ्या वाटत न्हाय."

 तीस-तीस पोरांना रोज प्रश्न विचारून पगार घेणारी बाई मी.

चॅनलच्या बाई मात्र कामाच्या निघाल्या. त्यांनी मागच्या तिन्ही दिवसांचं चित्रण पुन्हा लावायला सांगितलं. एक कॅमेरा बाजूनं, लांबून चालू असायचा, त्याकडं कुणी लक्षच दिलं नव्हतं. सगळे तिच्या चेहऱ्याकडं, तोंडाकडं बघत होते. बाजूच्या कॅमेऱ्यात तिचे हात होते. प्रत्येक शॉटमध्ये कापणारे, आणि प्रत्येक शॉटमध्ये मागच्या दोघींना घट्ट धरलेले. चॅनलच्या बाईंनी ते चार वेळा बघितलं. चौथ्या वेळी त्यांनी छत्री धरून उभ्या असलेल्या बाईला सांगितलं की छत्री त्या आईंच्या डोक्यावर धर. मग मला म्हणाल्या, "हीच राहील. शेवट मात्र बदलावा लागेल, मॅडम. पळापळीचा सगळा भाग काढा."

मी लिंबाखाली बसले आणि जुन्या संहितेच्या पाठकोऱ्या पानांवर नवा शेवट तिथंच लिहून काढला. पोरीच्या आईनं गाठोडं सोडलं, भाकरी आणि शेंगाची चटणी माझ्या मांडीवर ठेवली, आणि मी लिहिताना अडले की त्यांनाच विचारत गेले. लांडगा थांबला तर मग काय करता? किती वेळ? त्याला वाट द्यायची की नाही? "वाट द्यायची की," त्या म्हणाल्या. "वाट न्हाय दिली तर अंगावर यील. पर आपुन ठरविल्याली वाट." तसंच लिहिलं. माझ्या नव्या शेवटात ती मुलगी मैत्रिणींना मागं धरून, एक अक्षर न बोलता, खुन्याला एकेक पाऊल मागं सारत फाटकाबाहेर उन्हात नेते. आणि तोवर चार वाजलेले, उन्हात गाव असतंच की, खुर्च्या घेऊन. किंचाळी चॅनलला जाहिरातीसाठी हवीच होती, ती मामांची वापरली. ऐकणाऱ्याला ती पोरीचीच वाटते, आणि मामा अजून त्यावरून गल्लीत भाव खातात.

साडेतीनला पुन्हा शॉट लागला. या वेळी पोरीच्या आईला दिग्दर्शकानं हात जोडून कॅमेऱ्यामागं उभं केलं होतं, माझ्या शेजारी. "काय बी झालं तरी मधी जायचं न्हाय," त्यांनी स्वतःलाच बजावल्यासारखं म्हटलं आणि माझं मनगट धरलं.

ॲक्शन. मामा वळले. पोरीनं पाय रोवले, मैत्रिणींना मागं घेतलं आणि मामांवर नजर रोखली. तिचे हात आता सगळ्यांना दिसत होते. मामा पुढं आले. ती हलली नाही. तिनं एक पाऊल पुढं टाकलं. मामा थांबले. आणखी एक पाऊल. आवारात चाळीस माणसं होती आणि सगळी श्वास धरून. मामा मागं सरायला लागले, संहितेत लिहिलं होतं म्हणून की खरंच, ते त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही. फाटकापर्यंत गेले. ती उन्हात उभी राहिली.

दिग्दर्शकानं कट म्हटलं आणि सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या, चॅनलच्या बाई तर छत्री बगलेत मारून वाजवत होत्या. बघायला आलेल्या तिच्या वसतिगृहातल्या पोरी शिट्ट्या मारत होत्या. मलाही वाजवायच्या होत्या, पण माझं मनगट सुटलेलं नव्हतं. मी खाली बघितलं. त्या माउलीचं तोंड हसरं होतं, मान ताठ, नजर लेकीवर. आणि माझ्या मनगटावरचा हात गार, थरथरणारा.

या वेळी मी विचारलं. "ताई, भ्यालात?"

"व्हय की," त्या लेकीवरची नजर न काढता म्हणाल्या. "लई भ्याले."